राखाडीवरचा तपकिरी

ठोकर खाल्लेल्या गाड्या सरळ करून देणाऱ्या त्या गॅरेजमध्ये पेंटरचा हात सगळ्यात शेवटी लागायचा. आधी पत्रेवाला पोचे काढणार, मग पुट्टी, मग घासकाम, आणि मग तोंडाला फडकं बांधून पेंटर येणार. एका दाराला नवा रंग मारायचा तर तो बाकीच्या गाडीच्या उन्हाने उतरलेल्या रंगात असा मिसळून द्यायचा, की मालकाने भोवती दोन फेऱ्या माराव्यात आणि विचारावं, "लागली कुठे होती हो नक्की?" हे विचारलं की पेंटरचं पोट भरायचं. पत्रेवाला म्हणायचा, "याला आमच्या चेहऱ्यावर सोडा एकदा. बायका ओळखणार नाहीत."

गॅरेजच्या भिंतीवर कुणी लिहिलेलं नव्हतं, पण नियम एकच होता. पॅच दिसता कामा नये. जन्मभर पेंटरने दुसरं काही केलं नाही. हॉटेलात बसला तरी त्याला टेबलाचा पॉलिश उडालेला कोपरा आधी दिसे आणि चहा नंतर. लग्नघरात गेला तर नवऱ्याआधी भिंतीचा डाग. बायको म्हणायची, "देवाने तुम्हाला डोळे दिलेत की घासकागद?"

असा माणूस, आणि त्याच्या घरात एक दार बंद.

दारामागे त्याचा एकुलता एक मुलगा होता. तो ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. लंबू कॉलेजात होता, बरा शिकत होता, आणि एके दिवशी परीक्षेहून आला, बूट काढले, खोलीत गेला, तो तिथलाच झाला. काही घडलं असतं तर बरं झालं असतं. नापास झाला असता, एखाद्या मुलीने नाही म्हटलं असतं, कुणी मारलं असतं, तर निदान शेजाऱ्यांना सांगायला काहीतरी असतं. "काय झालं हो त्याला?" असं विचारलं की पेंटर खरं तेच सांगायचा, "काही नाही," आणि लोकांना वाटायचं, लपवतोय. बायकोची थोरली बहीण आली की दारासमोर उभी राहून मुद्दाम मोठ्याने बोलायची, "दोन ठेवून द्या. सुतासारखा सरळ होईल." पेंटर म्हणायचा, "मावशीबाई, पत्रा ठोकून सरळ होतो. माणूस चेमटतो." एवढं बोलून तो चप्पल घालून बाहेर निघून जायचा, आणि कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर उगाच बसून राहायचा.

लंबू सगळे झोपले की आंघोळ करी, नाहीतर करतच नसे. ताट दाराशी ठेवलं की आत जाई, अर्धं बाहेर येई. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. बायको रोज देवापुढे बसायची. आधी ती पुष्कळ काही मागायची. नंतर मागणं कमी होत होत एवढंच उरलं होतं, की देवा, त्याला उंबऱ्याबाहेर काढ, पुढचं आम्ही बघतो.

गोळ्या ज्या दुकानातून यायच्या तिथला औषधवाला जाड भिंगांचा, गप्पिष्ट माणूस. एकदा गोळ्या बांधता बांधता त्याने तिला विचारलं, "वहिनी, तुमच्या मुलाला लहानपणी विमानं जोडायचा नाद होता ना? माझ्याकडूनच डिंक न्यायचा." आणि कपाटातून एक खोका काढून दिला. खोक्यात प्लॅस्टिकचे बारीक बारीक भाग होते. ते जोडले की काडेपेटीएवढे पाच रणगाडे होतात. औषधवाल्याला हे वेड होतं. दर रविवारी दुकानाच्या माडीवर मोठं टेबल मांडून तो आणि त्याच्यासारखे तीन-चार जण असल्या रणगाड्यांची लढाई खेळत. फासे टाकायचे, टेप लावून अंतर मोजायचं, आणि म्हातारी होत आलेली माणसं तावातावाने भांडायची.

"पैसे?" तिने विचारलं.

"पैसे कसले? माझ्या विरुद्ध बाजूला धड सैन्यच नाही कुणाकडे. त्याने रंगवलं तर माझीच सोय."

तिने खोका ताटाबरोबर दाराशी ठेवला. ताट अर्धं परत आलं. खोका आला नाही.

पुढे बरेच दिवस आतून पात्याने प्लॅस्टिक खरवडल्याचा आवाज यायचा. मग एका संध्याकाळी दार वीतभर उघडलं आणि आतून आवाज आला, "बाबा."

पेंटर ताटावरून उठला तो खरकट्या हाताने.

"तळाला चिकटवायला वाळू हवी. भरड आणि बारीक, दोन्ही."

दुसऱ्या दिवशी पेंटरने बांधकामावरून पिशवीभर वाळू आणली. ती धुतली, तव्यावर कोरडी केली आणि बायकोच्या चहाच्या गाळणीने गाळली.

"आता चहा कशाने गाळू? रणगाड्याने?" बायको ओरडली, पण ओरडताना हसत होती. त्या घरात हसू आलं की आपल्यालाच दचकायला व्हायचं, असे ते दिवस.

मग दाराच्या फटीतून देवघेव सुरू झाली. लंबू पुठ्ठ्याचे चौकोन कापून द्यायचा, पेंटर त्यांवर डिंक पसरून वाळू बसवायचा. लंबू त्यावर मातीचा रंग द्यायचा, उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने फिका हात फिरवायचा, सुक्या गवताच्या चिमट्या लावायचा, आणि बघता बघता पुठ्ठ्याचं शेत व्हायचं. पेंटरने गॅरेजमधला भारी राखाडी रंग आणून दिला तेव्हा फटीतून उत्तर आलं, "तो नको बाबा. त्यातल्या थिनरने प्लॅस्टिक विरघळतं." पेंटरने ते गॅरेजात दहा जणांना सांगितलं. "पोरगं मला रंग शिकवतंय!"

एकदा लंबूने विचारलं, "दोन रंग एकमेकांत विरवायचे असतील तर? कड दिसायला नको."

हा प्रश्न म्हणजे पेंटरला देवच पावला. त्याने दाराबाहेर जमिनीवर बैठक मारली आणि सगळी विद्या फटीतून आत ओतली. रंग ओला आहे तोवर कड धर. ब्रश धुऊन पुसून घे, नुसता ओलसर ठेव. कडेवरून ओढ, दाबू नकोस, फुंकर घातल्यासारखा. आतून "हं, हं" येत होतं. दोन रंग कुठले, कशासाठी, हे पेंटरने विचारलंच नाही. मुलगा "हं" म्हणतोय, एवढं त्याला रग्गड होतं.

रणगाडे कुणाचे, हे बायकोने मात्र विचारलं.

"जर्मनांचे. लढाईच्या अगदी सुरुवातीचे."

"म्हणजे त्या दुष्टांचे?"

"हो आई. कुणीतरी त्यांच्या बाजूने खेळायला लागतं. नाहीतर खेळच होत नाही."

तिने देवापुढे हात जोडून सांगून टाकलं, गाडे कुणाचे ते तुला ठाऊक आहे, आणि मुलगा कुणाचा तेही. तुझं तू बघ.

आणि मग एके दिवशी लंबू दारातून म्हणाला, "रविवारी मी जाणार आहे. औषधवाल्या काकांच्या माडीवर. पाच गाडे पूर्ण झाले तर." बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं. पेंटरने ते आवाज न करता उचललं. बोललो तर मोडेल असं त्याला वाटलं. रात्रभर त्याने कूस बदलली. माडीवर कोण असेल, काय बोलतील, लंबूच्या गाड्यांना हसतील का, हसले तर हा परत येऊन ते दार कायमचं लावून घेईल का, हेच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. एवढ्या वर्षांत एकदा पाऊल बाहेर पडणार, ते पोळलं तर दुसऱ्यांदा पडणार नाही, हे त्याला लख्ख दिसत होतं.

शनिवारी दुपारी पेंटर घरी आला तर पाची रणगाडे बाहेरच्या खोलीत खिडकीत ओळीने मांडलेले. लंबूने स्वतः आणून ठेवलेले, वाळायला. आणि न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. भरदिवसा.

"दाढी करायला बसलाय," बायको कुजबुजली. तिच्या हातात इस्त्री केलेला सदरा होता. तो खुंटीवर टांगायचं सोडून ती धरूनच उभी होती. "कात्री मागितली, ब्लेड मागितलं. वेळ लागेल म्हणाला."

पेंटर खिडकीशी गेला. चाकांवर धूळ काय, बाजूला पांढरी फुली काय, एवढीशी दारं, त्यांच्या एवढ्याशा बिजागऱ्या. त्याचा ऊर भरून आला. मग उन्हात त्याने एक गाडा तिरका धरला, आणि डोळे बारीक केले.

राखाडी रंग एकसारखा नव्हता. मध्ये मध्ये काळपट, तपकिरीकडे झुकलेले डाग होते. अगदी पुसट. दुसऱ्या कुणाला दिसलेही नसते, पण पेंटरचेच डोळे ते. त्याने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. पाचीवर तेच. बाटली संपली असणार, पोराने दुसऱ्यांदा रंग मिसळला असणार, छटा जुळली नसणार, मग बापाने शिकवल्याप्रमाणे कडा विरवून झाकायला गेला असणार. बिचाऱ्याला जमलं नाही. आणि उद्या हे चार माणसांसमोर टेबलावर जाणार.

पेंटरचे हात शिवशिवले. त्याने लंबूच्या खोलीत डोकावलं. दार उघडं होतं. टेबलावर राखाडी बाटली होती, बारीक ब्रश होते. पाण्याचा आवाज चालूच होता. त्याने खिडकीशी बसून कामाला हात घातला. आयुष्यात इतक्या प्रेमाने त्याने काम केलं नव्हतं. फुलीला धक्का नाही, धुळीला धक्का नाही. डागावर पातळ हात, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ हात. पाचवा गाडा संपवून त्याने उन्हात धरला. एकसारखा राखाडी. कुठे लागलं होतं ते ब्रह्मदेवाला सापडलं नसतं.

"अहो, काय करताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही. जरासा हात फिरवला."

न्हाणीघराचं दार उघडलं. लंबू आला. गाल गुळगुळीत, हनुवटीवर कापल्याचा एक लाल ठिपका, केस ओले. मुलाची हनुवटी पेंटर विसरूनच गेला होता. ती त्याच्या आईसारखी होती.

लंबू खिडकीशी आला. एक गाडा उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. बापाकडे पाहिलं, बापाच्या बोटावरच्या राखाडी डागाकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग असता तर पेंटरने पायावर डोकं ठेवलं असतं. राग नव्हता. दिवा मालवल्यासारखं तोंड झालं होतं. तो खोलीत गेला. कडी लागली.

"काय केलंत तुम्ही?" बायको म्हणाली.

"अगं, पॅच होते. मी फक्त..."

"काय केलंत?"

पेंटर एक गाडा मुठीत घेऊन औषधवाल्याकडे धावत गेला. गिऱ्हाईक उभं होतं, तरी मध्ये घुसला. औषधवाल्याने गाडा दिव्याखाली धरला, चष्मा कपाळावर ढकलला, आणि खाली बसला.

"पेंटर, तपकिरी कुठे गेला?"

"म्हणजे तो होता?"

"होता म्हणजे? तोच तर होता! सुरुवातीच्या त्यांच्या गाड्यांना दोन रंग असायचे. दोन भाग राखाडी, एक भाग तपकिरी, आणि दोन्ही इतके काळपट की जुन्या फोटोंत फरकच कळत नाही. लोक वर्षानुवर्षं सगळं राखाडीच रंगवत आले. मीसुद्धा. तुमचा पोरगा मला फोन करकरून छळायचा. काका, एक भागाच्या वर तर जात नाही ना? काका, कड विरलेलीच हवी ना? दिसेल न दिसेल असा पाहिजे, काका, बघणाऱ्याने जवळ येऊन बघितलं पाहिजे." औषधवाला थांबला. "मी म्हटलं, इतकं बारीक बघणार कोण? तर म्हणाला, माझे बाबा बघतील."

गिऱ्हाईक खोकलं. पेंटरला आपण उभे आहोत की बसलोत ते कळेना.

घरी येऊन त्याने मुठीतल्या त्या एका गाड्यासाठी स्पिरिटमध्ये कापूस बुडवला. वरचा आपला थर तेवढा काढायचा, खालचा पोराचा राखायचा. गाडीवर हे त्याने केलं होतं. इथे मात्र कापूस फिरला तसा राखाडी गेला, राखाडीबरोबर तपकिरी गेला, फुली गेली, धूळ गेली आणि खालून नुसतं उघडं प्लॅस्टिक वर आलं. त्याने कापूस टाकला आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

मग तो दाराशी बसला. "अरे," म्हणाला, "मला दिसले. तुझे डाग मला दिसले होते रे. दिसले म्हणून तर..." आतून काही नाही. "पुन्हा करू. तू सांग, मी करतो. कुठे कुठे होते तेवढं सांग." काही नाही. "शिव्या दे मला." काही नाही. बायको पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. ती रडतही नव्हती. ताट दाराशी ठेवलं ते जसंच्या तसं राहिलं. याआधी निदान अर्धं जायचं.

रविवारी औषधवाला स्कूटर घेऊन आला. त्याने दारावर टकटक केली. "लंबू, चल रे. एकरंगी तर एकरंगी. माझे तरी कुठे धड आहेत?" दार हललं नाही. औषधवाल्याने मान हलवली, निघाला.

"थांबा," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुम्ही जा."

"मी? मला लुडोसुद्धा येत नाही."

"हरायला काय यावं लागतं? गाडे घ्या आणि जा. फोन चालू ठेवा. माझा फोन मी त्याच्या दाराशी धरते. त्याला ऐकू तर जाईल."

"ऐकून काय करेल तो?"

"मला काय माहीत! देवाला माहीत. जा म्हटलं ना."

माडीवर छत खाली होतं आणि पंखा कुरकुरत होता. हिरवं कापड अंथरलेलं टेबल, त्यावर पुठ्ठ्याची घरं, स्पंजची झाडी. औषधवाल्याच्या शेजारी एक दाढीवाला टॅक्सीवाला उभा होता; बाकीचे त्या दिवशी आले नव्हते. दोघे फ्रेंचांच्या बाजूने. टॅक्सीवाल्याने पेंटरचे गाडे पाहिले. "हा उघडा कोण? आंघोळीला निघालाय वाटतं?" औषधवाल्याने त्याला कोपर मारलं.

पेंटरने फोन टेबलाच्या कडेला ठेवला, आवाज मोठा केला. फोनमधून फक्त घराचा पंखा ऐकू येत होता आणि बायकोचा श्वास.

"काय करायचं असतं?" त्याने विचारलं.

"गाडा पुढे घ्या. टेपाने मोजून."

पेंटर फोनकडे वाकला. परक्या माणसांसमोर त्याला लाज वाटत होती. "अरे, पहिला गाडा पुढे घेतोय हं. रस्त्याने. समोर एक घर आहे, लाल छपराचं. उजवीकडे झाडी आहे." त्याने गाडा रस्त्याच्या मधोमध आणून ठेवला. टॅक्सीवाल्याने फासे टाकले. "उडाला," म्हणाला, आणि गाड्यावर कापसाचा काळा बोळा ठेवला.

"अरे, एक गेला," पेंटरने फोनला सांगितलं.

दुसरा शेतातून नेला. तोही गेला. तिसरा घराआड नेला, पण भलत्याच बाजूने. औषधवाल्याला फासे टाकायची इच्छा नव्हती, तरी टाकावे लागले, आणि पडायला नको तेच दान पडलं. दर वेळी पेंटर फोनशी वाकून सांगायचा. कुठे नेला, का नेला, कसा गेला. चौथ्याच्या वेळी त्याचा आवाज फाटला. "मला काही कळत नाही रे. मी सगळे घालवतोय. एकेक करून सगळे." फोनमध्ये बायकोने फोन या हातातून त्या हातात घेतल्याचा आवाज आला. बाकी काही नाही. चौथाही गेला.

टॅक्सीवाला आता थट्टा करत नव्हता. "दादा," तो हळू म्हणाला, "थांबूया का?"

"नाही," पेंटर म्हणाला. टेबलाच्या कडेला झाडीमागे एकच उरला होता, तो उघडा. पेंटरने तो दोन बोटांत धरला. "अरे, आता हा शेवटचा. काल मी पुसला तो. हा पुढे घेतो, म्हणजे झालं. मग येतो घरी."

फोनमध्ये काहीतरी खरखरलं. दारावर आतून नख घासावं तसं. मग, इतक्या वेळात पहिल्यांदा, आवाज आला. जाड, न वापरल्यामुळे बसलेला, चिडलेला.

"त्याला हात लावू नका."

पेंटरची बोटं गाड्यावरच थिजली.

"झाडीमागे आहे ना? राहू दे तिथेच. त्याला रंग नाहीये, बाबा. हलवू नका त्याला."

बायकोचा श्वासही थांबल्यासारखा झाला. पेंटरने बोटं सोडवली, एकेक करून, आणि हात मांडीवर ठेवले. पंखा कुरकुरत राहिला. औषधवाला वाट पाहत होता, टॅक्सीवाला वाट पाहत होता. अखेर टॅक्सीवाल्याने विचारलं, "तुमची चाल आहे, दादा."

"नाही," पेंटर म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते आणि ते त्याने पुसलेही नाहीत. "मुलगा म्हणतोय, हलवायचा नाही."